डीगचे जलमहाल: मुघलांची नक्कल की स्वतंत्र वास्तुविचार?

धागाकर्ता: पानिपतानंतर परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, त्यामुळे राजस्थानातील डीगविषयी आपल्या मनात ओलावा असणे स्वाभाविक आहे. तरीही भरतपूरच्या जाट राजांच्या या उन्हाळी महालांची स्तुती मला अवाजवी वाटते. चारबागेची (चार भागांत विभागलेल्या बागेची) आखणी, कालवे आणि कारंजी मुघलांची आहेत. इथल्या मुख्य महालाच्या, गोपाल भवनाच्या, दोन बाजूंच्या मंडपांना दिलेली ‘सावन’ आणि ‘भादों’ ही नावेदेखील दिल्लीच्या लाल किल्ल्यातील मंडपांचीच आहेत. समोरचा संगमरवरी हिंदोळा तर दिल्लीच्या लुटीतला सांगतात.

प्रतिसाद १: हुमायूनच्या मकबऱ्यात इमारत बागेच्या मधोमध आहे, तर डीगमध्ये मध्य मोकळा ठेवून भवने कडेला नेली आहेत. हा भेद किरकोळ नाही.

धागाकर्ता: मकबऱ्याची तुलना महालाशी कशाला? लाल किल्ल्याच्या हयातबख्श बागेतही मध्ये हौद असून सावन-भादों कडेलाच आहेत.

प्रतिसाद २: आखणीचा मुद्दा मी सोडून देतो, कारण डीगचे वेगळेपण जमिनीवर नसून पाण्याच्या व्यवस्थेत आहे. गोपाल भवन पुढून दुमजली दिसते, पण तलावाच्या बाजूस पाण्यालगत आणखी खालचे मजले आहेत, आणि उन्हाळ्यातला खरा गारवा तेथेच मिळतो. कारंज्यांसाठी विहिरींचे पाणी बैलांच्या मोटेने उपसून उंचावरच्या प्रचंड टाकीत साठवत. टाकीच्या भिंतीतले एकेक छिद्र एकेका नळाला जोडलेले असे. बुचे काढली की केवळ उंचीच्या दाबाने कारंजी उडत, आणि नळांत रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की पाणी रंगीत होई. केशव भवनात तर याच्याही पुढची मजल आहे: बारादरीच्या, म्हणजे चारी बाजूंनी कमानी असलेल्या या मंडपाच्या, आतून कालवा फिरवला आहे, कमानींवरून पाणी धारांनी कोसळावे अशी सोय आहे, आणि छतातल्या पोकळीत पाण्याच्या जोराने दगडी गोळे गडगडून मेघगर्जनेचा आभास होत असे, असे परंपरा सांगते. मुघल बागेने वाहते पाणी मागितले. डीगने भर उन्हाळ्यात पाऊसच मागितला.

धागाकर्ता: वाक्य सुंदर आहे, परंतु तो गडगडाट आज कोणालाही ऐकू येत नाही, आणि परंपरेवरून वास्तूचे श्रेष्ठत्व ठरवणे मला मान्य नाही. मोटेची व टाकीची योजना कौशल्याची आहे, हे मी मान्य करतो. मात्र ते जलअभियंत्याचे यश झाले.

प्रतिसाद ३: अभियंता आणि स्थपती ही विभागणी तुमची आहे, अठराव्या शतकाची नव्हे. शिवाय भवनांचे दुहेरी छज्जे, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडा, पाहा. हे छज्जे भिंतीवर दाट सावली टाकतात आणि पावसाचे पाणी दूर फेकतात, म्हणजे जे हवामान केशव भवनात खेळ म्हणून उभे केले, त्याचाच विचार छपराच्या कडेपर्यंत केला आहे.

धागाकर्ता: छज्जे मान्य. हिंदोळा मात्र अजूनही दिल्लीचाच.