परवान्याचे नाव लिहिले म्हणजे परवाना पाळला का?

टिपणकार: 'सुटसुटीत' यांनी काल ठासून लिहिले की, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीपुढे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडपुढे, परवान्याचे नाव लिहिले की आपली जबाबदारी संपते आणि परवान्याचा मजकूर जोडत बसणे हा वकिलांनी मागे लावलेला उद्योग आहे. एमआयटी या साध्या मुक्त परवान्यात मुळात अट एकच आहे: स्वामित्वहक्काची सूचना आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. एवढेही ज्यांना जड जाते, ते अपाचे २.० या दुसऱ्या परवान्यातील, श्रेयाच्या सूचना असलेल्या नोटीस फाइलचे काय करत असतील, याची कल्पना न केलेली बरी.

सुटसुटीत: आपण माझे अर्धेच वाक्य उचललेत. परक्या लायब्रऱ्या मी माझ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवतच नाही. पॅकेज मॅनेजर, म्हणजे लायब्रऱ्या उतरवून घेणारे साधन, त्या मूळ ठिकाणाहून परवान्यासकट आणतो. मग मी प्रत वाटली कोठे?

टिपणकार: आपल्याच प्रकल्पाच्या पानावर ठेवलेल्या इन्स्टॉलरमध्ये. त्यात त्या साऱ्या लायब्रऱ्या बांधलेल्या आहेत आणि परवान्याचा एकही मजकूर नाही.

अर्धविराम: परवान्यांच्या यादीतले नाव तरी खरे असते का? मार्च २०२१ मध्ये, एमआयटी म्हणवणाऱ्या माइममॅजिक या, रूबी प्रोग्रामिंग भाषेतल्या, लायब्ररीत जीपीएल या अधिक कडक परवान्याखालची एक्सएमएल फाइल निघाली. कर्त्याने जुन्या आवृत्त्या तडकाफडकी मागे घेतल्या आणि ती वापरणाऱ्या रेल्स या वेब चौकटीवरचे कितीतरी प्रकल्प इन्स्टॉल होईनासे झाले. निदान पूर्वसूचना द्यायची!

कोरा कागद: म्हणजे फुकट राबणाऱ्याने परवान्याचा भंगही थांबवायचा आणि आपल्या बिल्डचे, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याचे, वेळापत्रकही सांभाळायचे?

अर्धविराम: त्या रात्री बिल्ड दुरुस्त करत मी जागलो होतो, आपण नव्हे.

कोरा कागद: माझ्या लायब्ररीवरचे माझे नाव पुसून एका कंपनीने ती आपल्या उत्पादनात घातली, आणि विचारल्यावर 'ओपन सोर्सच तर आहे' असे उत्तर दिले. तेव्हा एका रात्रीच्या जागरणाचे कौतुक मला सांगू नका.

टिपणकार: दोघांनीही आवाज खाली घ्यावा. मार्सेल या लायब्ररीने फाइलींचे प्रकार ओळखणाऱ्या अपाचे टिका या साधनाची माहिती वापरून रेल्सची त्यातून सुटका केली, हेही त्यात सांगायला हवे होते. नाव चुकीचे असू शकते म्हणूनच फाइली उघडून पाहाव्या लागतात; एसपीडीएक्सची, म्हणजे परवान्याचे प्रमाणित लघुनाव देणारी, ओळ यंत्राला उपयोगी पडते, पण ती परवान्याच्या मजकुराची जागा घेत नाही.

सुटसुटीत: इन्स्टॉलरपुरते मान्य, नाइलाजाने. पुढील आवृत्तीत सारे मजकूर जोडतो. ते कोणी वाचले, तर टिपणकारांनी मला अवश्य कळवावे.

कोरा कागद: वाचले नाहीत तरी चालेल. नाव राहू द्या.