आखाजीला (अक्षय तृतीयेला) घर बदलतोय, मरीन टँकचे मासे आणि लाइव्ह रॉक कसे हलवू?

मेहरूण_मरीन (जळगाव)
राम राम मंडळी. आखाजीच्या मुहूर्तावर आम्ही नव्या घरात जातोय, जळगावातच, गाडीने वीसेक मिनिटं लागतात. सध्या 3 फुटी मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, 100 लिटरच्या आसपास, त्यात क्लाऊन माशांची जोडी, एक यलोटेल डॅमसेल मासा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि साधारण 15 किलो लाइव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेला दगड. नव्या घरासाठी 4 बाय दीड बाय दीड फुटाचा टँक बनवून घेतलाय म्हणजे 250 लिटर. दुकानदार म्हणतो नवा टँक महिनाभर सायकल करा, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढू द्या, मगच मासे टाका, पण जुनं घर तर त्याच दिवशी खाली करून द्यायचंय, मग महिनाभर मासे ठेवू कुठं? आणि ऊन तर तुम्हाला माहितीच आहे, दुपारी पारा 44-45 ला जातो. मुलीचा त्या क्लाऊनवर फार जीव आहे, एकही मासा गमवायचा नाहीये. जुनं पाणी न्यायचं का, वाळू धुवायची का, रॉक कोरडा नेला तर चालेल का, सगळं सांगा.

रीफवाला_भुसावळ
भाऊ, महिनाभर थांबायची काही गरज नाही. दुकानदार म्हणतो ते रिकाम्या नव्या टँकसाठी बरोबर आहे, तुमची सायकल तर आधीच झालेली आहे आणि ती रॉकमध्ये आहे. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया पाण्यात फार नसतात, ते रॉकच्या छिद्रांत, फिल्टरच्या स्पंजवर, थोडे वाळूवर बसलेले असतात. तेवढेच मासे, तेवढाच रॉक, फक्त पाणी जास्त, म्हणजे भार काही वाढत नाही. म्हणून सगळा जीव रॉक जिवंत ठेवण्यात लावा. कोरडा अजिबात नेऊ नका. बॅक्टेरिया ओलसर राहिले तरी तग धरतात पण रॉकवरचे स्पंज आणि बारीक जीव हवा लागली की मरतात आणि मग तेच सडून अमोनिया करतात. झाकणवाल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये टँकचंच पाणी घालून रॉक बुडवून न्या. नळाचं पाणी रॉकला लागू देऊ नका, क्लोरीन असतं.

क्रम असा ठेवा. आधी पंप चालू असताना वरचं स्वच्छ पाणी पाइपने ड्रममध्ये काढून घ्या, जितकं जमेल तितकं. मग रॉक काढा, एकेक दगड जुन्याच पाण्याच्या बादलीत हलवून गाळ झाडा, आणि छिद्रांत डोकावून बघा, घाबरलेला डॅमसेल हमखास दगडात घुसून बसतो. मासे सगळ्यात शेवटी पकडा, पाणी चार-पाच इंच राहिलं की जाळीने लगेच येतात, भरल्या टँकमध्ये पाठलाग करून त्यांना दमवू नका.

नवं खारं पाणी मात्र निदान आदल्या दिवशी तयार पाहिजे. 150 लिटरला साडेपाच किलोच्या आसपास मीठ लागेल, ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) 1.025 आणि जुन्या टँकएवढीच ठेवा. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरू द्या. मासे आत असताना मीठ टाकू नका.

धुळे_अ‍ॅक्वा
भुसावळच्या दादांशी सहमत, फक्त वाळूबद्दल बोललं नाही कोणी म्हणून सांगतो. जुनी वाळू तशीच उचलून नव्या टँकमध्ये ओतू नका. तळाशी साचलेला गाळ एकदम पाण्यात मिसळतो, आणि थर जाड असेल तर खाली हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, सडलेल्या अंड्यासारखा वास आला की समजा. माझं मत नवी वाळू घ्या आणि जुन्या वाळूचा वरचा कपभर थर तेवढा पसरवा.

आता ऊन. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन कमी धरतं, 25 डिग्रीला जवळपास 20 टक्के कमी, आणि तापलं की आणखी कमी. मासे उन्हाने मरण्याआधी श्वास कोंडून मरतात. म्हणून पहाटे हलवा, उजाडायच्या आत. मासे थर्माकोलच्या खोक्यात पिशवीत ठेवा, बॅटरीवाला एअर पंप सोबत असू द्या. बर्फ सरळ पाण्यात टाकू नका, गोठवलेली बाटली पिशवीच्या बाहेर ठेवा, तीपण पाणी 28 च्या वर जायला लागलं तरच.

नव्या घरात कूलरची सवय असेलच, तसाच छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर मारा. आपल्याकडे हवा कोरडी असते म्हणून 2-3 डिग्री आरामात उतरतात, मुंबईत तेवढे उतरत नाहीत. पण पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं, त्यामुळे रोज आरओचं साधं पाणी टाकायचं, खारं नाही.

तापीकाठ (नंदुरबार)
बोअरचं पाणी वापरू नका, आपल्या भागात ते फार जड असतं. आणि घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, तो बंद करून घ्या. मिनरलचं कार्ट्रिज असेल तर तेपण काढा. टीडीएस मीटरवर दहाच्या आत आलं की मग मीठ घाला.

अजून एक, मोठा टँक रिकामा दिसतो म्हणून कोणी किनाऱ्यावरून उचलून आणलेला दगड देत असेल तर घेऊ नका. तो प्रवाळाचा असू शकतो, आणि प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल 1 मध्ये म्हणजे संरक्षित आहेत. ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव दगड) घ्या, तुमच्याच जुन्या रॉकवरून हळूहळू त्यावर बॅक्टेरिया चढतील.

मेहरूण_मरीन (जळगाव)
सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीला वाचून दाखवलं. पहाटेच नेतो. दोन गोष्टी राहिल्या, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) भरलेला तसाच नेऊ का? आणि टँक पहिल्या मजल्यावर आहे, स्लॅबला काही होणार नाही ना?

रीफवाला_भुसावळ
कॅनिस्टर बंद भरलेला ठेवू नका, आतला ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मरतात. पाणी काढा, मीडिया (आतला गाळणारा माल) खाऱ्या पाण्यात वेगळा न्या. वजन म्हणाल तर नुसतं पाणीच 250 किलोच्या वर, काच, रॉक, वाळू धरून साडेतीनशे तरी, म्हणून खोलीच्या मधोमध नको, बीमच्या वर भिंतीला लागून ठेवा आणि इंजिनिअरला एकदा दाखवा. मुक्कामाआधी साधं पाणी भरून एक दिवस गळती बघा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अजून सुकू द्या.

नव्या टँकमध्ये आधी रॉक, मग क्लाऊन, डॅमसेल शेवटी, तो जागेसाठी भांडतो. श्रिंपला मिठातला फरक सोसत नाही, त्याला थेंबथेंब पाणी देऊन सवय करा. पहिला दिवस लाइट आणि खाणं बंद, पुढे आठवडाभर खाणं निम्मं आणि रोज अमोनिया टेस्ट. थोडा जरी दिसला तरी तयार खाऱ्या पाण्याने लगेच पाणी बदला, म्हणून 50 लिटर जास्तीचं करून ठेवा. काळजी नका करू भाऊ, बठ्ठं बरोबर व्हई जाई. हलवल्यावर रीडिंग इथं टाका.