अंदमानात वरणभात मागितला, बरं मग?

सुमेधा_ठाणे
रविवारी 'पाठपिशवी' यांनी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर लेख टाकला. ज्यांचा वाचायचा राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात: टूरवाल्याबरोबर जाऊ नका, रिसॉर्टात राहू नका, पाच नंबर बीचवर म्हणजे विजयनगरला बांबूच्या झोपडीत उतरा आणि तीन नंबरच्या बाजारात बंगाली खानावळीत मासेभात जेवा. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण शेवटचं वाक्य वाचा: 'ज्यांना अंदमानात जाऊन वरणभात लागतो त्यांनी डोंबिवलीतच बसावं, बेटावर गर्दी कशाला?' त्याखाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण लावतेय.

याच गृहस्थांचा जुना लेख वाचून आम्ही गेल्या हिवाळ्यात नेमकं हेच केलं. मी, नवरा, १२ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सेल्युलर जेल त्यांना बघायचंच होतं. सावरकरांची कोठडी बघून बाहेर आल्या आणि तासभर कुणाशी बोलल्या नाहीत. तो दिवस सोन्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक, आणि झोपडी.

झोपडीला तीन पायऱ्या, कठडा नाही. न्हाणीघर दोन पायऱ्या खाली, अर्धं उघड्यावर, फरशी कायम ओली. कमोड होता, पण हाताला धरायला काही नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. रात्रभर मी जागी, त्या उठल्या की टॉर्च घेऊन मागे. सकाळी सातला त्यांना हौसेने समुद्र दाखवायला नेलं, तर समुद्रच नाही. शेवाळलेले खडक, डबकी, आणि लांबवर एक निळी रेघ. म्हणाल्या, 'अगं, समुद्र कुठे गेला?' पाच नंबरला ओहोटीला पाणी इतकं आत जातं हे लेखात कुठे होतं?

आता जेवण. त्या दिवशी संकष्टी होती. दिवसभर त्यांनी ठाण्याहून नेलेल्या साबुदाण्यावर काढला. रात्री उपास सोडायला वरणभात हवा होता, साधं, कांदा-लसूण नाही, वर तूप. झोपड्यांच्या जेवणघरात मसूर डाळ कांदा घालून तयार. वेगळी लावतो म्हणाले, पण नऊला चूल बंद. आमचा चंद्रोदय ९ वाजून २० मिनिटांनी. शेवटी सासूबाईंनी एक डिंकाचा लाडू आणि दोन केळी खाऊन उपास सोडला. त्या बाईंना 'डोंबिवलीतच बसा' म्हणायचं? लाज वाटायला हवी.

पाठपिशवी
ताई, लेख मी आजारी माणसांसाठी लिहिला नव्हता. पाठीवर पिशवी टाकून जाणाऱ्यांसाठी लिहिला होता, नावातच आहे. आमची आई मधुमेही आहे, तिला मी कधी झोपडीत नेलं नाही. तुम्ही वयस्कर माणसाला पायऱ्यांच्या झोपडीत नेलंत, न्हाणीघर कसं आहे हे फोन करून विचारलं नाहीत, आणि आता राग माझ्यावर.

सुमेधा_ठाणे
सासूबाई आजारी नाहीत. गुडघे दुखतात. फरक आहे.

इतिहासप्रेमी_७४
एक दुरुस्ती. हॅवलॉक नाही, स्वराज द्वीप. ३० डिसेंबर २०१८ पासून अधिकृत नाव तेच आहे. शेजारचं नील बेट म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम. हेन्री हॅवलॉक कोण होता माहीत आहे का? १८५७ च्या जुलैत कानपूरवर चालून गेलेला, नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा सेनापती. आणि मराठी माणसं सहलीचे फोटो टाकताना त्याचं नाव मिरवतात.

तारकर्लीचा_बाबू
काका, बोटीवर 'स्वराज' म्हटलं तर कळतं, पण रिक्षावाला 'हॅवलॉक'च म्हणतो. आणि नेताजींनी १९४३ मध्ये शहीद हे नाव सगळ्या अंदमानला आणि स्वराज हे निकोबारला दिलं होतं. मग तुमच्या हिशोबाने ताई निकोबारला गेल्या होत्या का?

इतिहासप्रेमी_७४
विषय थट्टेचा नाही.

तारकर्लीचा_बाबू
मूळ मुद्द्यावर येतो. ताई, ओहोटीचं तुमचं खरं आहे. आमच्याकडे पोरंसुद्धा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी, म्हणजे तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. तिकडे हे गणित चालत नाही, मी स्वतः फसलोय. जेट्टीवर विचारायचं, नाहीतर मोबाईलवर भरतीचं कोष्टक बघायचं. ओहोटीच्या वेळी तीन आणि पाच नंबरला पोहायचं विसरा, पायाला प्रवाळ लागतं. राधानगर बीचवर तळ वाळूचा, तिथे ही भानगड नाही. पण तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि भाव ताजचा. म्हणून मी लोकांना सांगतो, राहा पाच नंबरला, पोहा राधानगरला. मध्ये दहाबारा किलोमीटरचा रस्ता आहे, स्कूटर घ्या. आणि लवकर जा, डिसेंबर-जानेवारीत तिकडे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आपल्या घड्याळावर विसंबलात तर अंधारात पोचाल.

माशांचं मात्र मला बोलायचंच आहे. संध्याकाळी बर्फावर मासे मांडतात, तांबोशी, सुरमई, शेवंडी. वजनावर भाव. डोळा बघा, कल्ला उघडून बघा, तुमच्यासमोर काट्यावर घालायला लावा, मग पुढचं बोला. मी सुरमई घेतली, एक नंबर ताजी. आणि त्या माणसाने ती मोहरीच्या तेलात तळली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धुराने नाही.

पाठपिशवी
हाच तो रोग. १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांनी जंगल तोडून हे बेट वसवलं. त्यांच्या घरात जेवायला बसायचं आणि तिरफळ नाही म्हणून रडायचं? मोहरी वाटून केलेलं कालवण खाऊन बघ एकदा.

तारकर्लीचा_बाबू
खाल्लं. ते चांगलं होतं. तळलेल्याबद्दल बोलतोय मी. आणि एक सांगा, चारी बाजूंनी समुद्र असताना तीन नंबरच्या बाजारात सकाळी रांग कशाला होती? तळ्यातल्या रोहूला! मी उभा राहून बघितलं. समुद्राकाठी राहून गोड्या पाण्याचा मासा खाणारी माणसं, त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

अण्णा_सोलापूर
सुमेधाताई, तुमचा लेख दोनदा वाचला. तुम्ही चंद्रोदय ९.२० लिहिलाय. तो कुठला?

सुमेधा_ठाणे
कॅलेंडरवरचा. मुंबईचा. का?

अण्णा_सोलापूर
तिथेच घोळ झाला. ठाणे सुमारे ७३ रेखांशावर, हॅवलॉक ९३ वर. २० अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ८० मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. तुमच्या सासूबाईंचा चंद्र तिथे आठच्या आसपासच उगवला असणार. आठला उपास सोडला असता तर चूलही पेटलेली होती आणि मसुराची का होईना, साधी डाळ मिळाली असती. खानावळीचा दोष शून्य. शास्त्र स्पष्ट आहे: आपण जिथे आहोत तिथला चंद्रोदय.

सुमेधा_ठाणे
मला माहीत होतं. आम्हाला सगळ्यांना दिसत होता चंद्र! झोपडीच्या समोर, समुद्रातून वर आलेला, भोपळ्याएवढा. जेवण वाढणारा मुलगासुद्धा म्हणाला, 'माजी, चांद तो निकल गया.' नवऱ्याने सांगितलं, मुलीने सांगितलं. सासूबाईंचं एकच: 'कॅलेंडरात ९.२० आहे.' चाळीस वर्षं सासूबाई त्याच कॅलेंडरवर उपास सोडतायत. मी सून आहे, मी किती वाद घालणार?

अण्णा_सोलापूर
मग धाग्याचं शीर्षक चुकलं. वरणभात मिळाला नाही तो खानावळीमुळे नाही, घरात पंचांग कुणाला वाचता येत नाही म्हणून.

सुमेधा_ठाणे
अण्णा, जरा जपून.

हिशेबनीस
इथे राहण्याची चर्चा होती ना? मी खर्चाचे आकडे लिहून आणले होते.

सिडनीची_मनू
हिशेबनीस, थांबा जरा. अण्णा, आमच्याकडे तर संकष्टीचा दिवससुद्धा कधीकधी बदलतो, कारण इथे चंद्र उगवतो तेव्हा भारतात दुपार असते, चतुर्थी लागलेलीच नसते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा भिंतीवर मुंबईचं कॅलेंडर लावून बसली होती. मध्यरात्र उलटली तरी जेवेना. बाहेर चंद्र डोक्यावर. शेवटी मी पुण्याला मावशीला फोन लावला आणि 'इथे अजून उगवायचाय' असं मावशीच्या तोंडून ऐकल्यावर आई म्हणाली, 'मग मी कुणासाठी थांबलेय?' तेव्हा कुठे जेवली. सुमेधा, सासूबाईंना फोन लावून द्यायला हवा होतास.

इतिहासप्रेमी_७४
उपास सोडण्याचा विषय निघालाच आहे तर, ज्या बेटावर राजबंद्यांना कोलू ओढावा लागला तिथे तुम्ही शेवंडीचे भाव लिहिताय याचं कुणालाच काही वाटत नाही?

तारकर्लीचा_बाबू
काका, कोलू पोर्ट ब्लेअरला. शेवंडी हॅवलॉकला. मध्ये बोटीचे दीडदोन तास आहेत.

पाठपिशवी
म्हणजे गोषवारा असा: चंद्र वेळेवर आला, डाळ होती, चूल होती, आणि दोष माझ्या लेखाचा. धन्य.

सुमेधा_ठाणे
न्हाणीघराचं काय? ओहोटीचं काय? अण्णांच्या रेखांशाने फरशी कोरडी होणार आहे का? आणि तुम्ही 'वरणभात' या शब्दाने कुणाला हिणवता ते कळतं हो. तुम्ही एकटे जाता. भूक लागली की खाता, नाही लागली तर झोपता. बाई चार जणांना घेऊन जाते तेव्हा एकाला मासा हवा, एकीला पिझ्झा हवा, एकीचा उपास. हे सगळं एका जागी मिळावं म्हणून लोक रिसॉर्टाचे पैसे भरतात, मिरवायला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही झोपडी सोडली आणि गोविंदनगरला, म्हणजे तीन नंबरला, तळमजल्याची खोली घेतली. दुपटीने पैसे गेले. न्हाणीघरात भिंतीला दांडा होता. त्या दांड्यासाठी मी तिप्पट दिले असते.

हिशेबनीस
दुपटीने म्हणजे किती? आम्ही चौघं पाच नंबरलाच सरकारी डॉल्फिन रिसॉर्टमध्ये होतो. खोल्या जुन्या, पंख्याचा आवाज, पण जागा अशी की कोट्यवधीच्या रिसॉर्टाला मिळणार नाही. स्वयंपाकघरात नम्रपणे विचारलं तर...

तारकर्लीचा_बाबू
नम्रपणे विचारलं तर मालवणातही मिळतं सगळं. पण मालवणात खोलीला अडीच हजार सांगितले की हीच मंडळी 'कोकण महाग झालं' म्हणून लेख लिहितात. अंदमानात साडेसात देऊन येतात आणि समुद्र गेला कुठे विचारतात. आमच्याकडे या, आईच्या हातचं वरण, वर तूप, गुडघ्यांसाठी पायरी नाही.

सुमेधा_ठाणे
बाबू, तुमच्याच गावच्या बाजूला एका घरी उतरलो होतो. बाथरूमला कडी नव्हती. बोलायला लावू नका.

सिडनीची_मनू
मला एकच विचारायचंय. सासूबाई स्वतः काय म्हणतात सहलीबद्दल?

सुमेधा_ठाणे
हा प्रश्न येणार म्हणून मी लिहीत नव्हते. दांडा असलेल्या खोलीबद्दल एक शब्द नाही. भजनी मंडळात सांगतात, 'संकष्टीला चंद्र समुद्रातून वर येताना पाहिला, झोपडीच्या पायरीवर बसून. गणपतीने बोलावून दाखवला.' सव्वा तास बसल्या होत्या त्या पायरीवर. चंद्र उगवलाच नाही असं म्हणत त्याच्याकडे बघत. नवरा मागून शाल टाकून आला.

यावरून कुणी झोपडी बरी असा अर्थ काढू नये. रात्री टॉर्च घेऊन मी उभी होते.

पाठपिशवी
काढत नाही. पण मी काही न बोलताच तुम्ही जे लिहिलंत ते मी जपून ठेवणार आहे.

बरं, लेखात दोन ओळी वाढवल्यात: 'पाच नंबरला ओहोटीला पाणी फार आत जातं, वेळ बघून जा. गुडघे दुखत असतील तर न्हाणीघराचा फोटो मागवा.' वरणभाताचं वाक्य ठेवलंय. फक्त डोंबिवली काढून टाकली, तिकडून फार शिव्या आल्या.

अण्णा_सोलापूर
तिसरी ओळ घाला: चंद्रोदय स्थानिक धरावा.

इतिहासप्रेमी_७४
आणि नाव बदला.

हिशेबनीस
माझे आकडे कुणाला हवेत का?