लिपो चार्जिंग बॅगेचा आग्रह सोडावा, असं माझं मत

मिलीओहम

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची पहिली लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: आधी चार्जिंग बॅग (चार्ज होताना बॅटरी ठेवायची आगरोधक पिशवी) घे. माझ्या मते बॅगेचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी लागायला हवा, आणि घरी चार्ज करणाऱ्याने तर ती घेऊच नये. कारणं देतो, खोडून काढा.

१/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) गाडीतली नेहमीची २एस (दोन सेल एकापुढे एक जोडलेली) ५००० एमएएचची हार्डकेस (कडक प्लास्टिक कवचातला बॅटरी पॅक) धरू. ७.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ३७ वॉट-तास, सुमारे १३३ किलोज्यूल. पॅकचं वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. भरलेल्या पॅकमधली ही वीज आतल्या आत शॉर्ट झाली तर पॅक चारशे अंशांच्या वर जाण्याइतकी उष्णता निघते. सेलमधला सेपरेटर, म्हणजे दोन ध्रुवांमधला पातळ पडदा, तर १३० अंशांच्या आसपासच वितळायला लागतो. इलेक्ट्रोलाइट जळून निघणारी उष्णता याशिवाय.

बॅगेचं कापड काचतंतूचं असतं, ते जळत नाही हे मान्य. पण तोंडाला वेल्क्रो असतो, तो बहुधा नायलॉनचा, म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेलाच. शिवण साध्या दोऱ्याची असेल तर तीही उसवते. मग ज्योत निघते ती वायरी जिथून बाहेर येतात तिथूनच, थेट चार्जरकडे. धूर बॅग अडवतच नाही, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो.

याउलट बाल्कनीतल्या फरशीवर चार लाल विटा कडेवर उभ्या करा. विटेचं माप साधारण २३ × १० × ७.५ सेंमी. दोन लांबीला, दोन आडव्या टोकांना. आत ८ सेंमी रुंद, २३ सेंमी लांब, १० सेंमी खोल जागा राहते. १३८ × ४७ मिमीचा पॅक त्यात सहज बसतो. एका टोकाची वीट बोटभर सरकवून वायरी काढा. वर एक इंची छिद्रांची लोखंडी जाळी, जाळीवर पातळ पॉलिथिन पिशवीत ३ किलो कोरडी वाळू. ज्योत आली की पिशवी वितळते आणि वाळू आपोआप पॅकवर पडते. ३ किलो वाळू म्हणजे जवळपास दोन लिटर, खड्डा तेवढाच आहे. पॅकमधली सगळी वीज त्या वाळूत उतरली तरी ती जेमतेम ५५ अंशांनी तापते. हे काम बॅग करू शकत नाही.

पिटटेबल

गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. रेसच्या दिवशी पिटमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) एका टेबलावर चार जण बसतात. प्रत्येकाने विटा आणि वाळू आणायची का? ब्रिटनमध्ये बीआरसीएच्या (तिथल्या आरसी रेसिंग संघटनेच्या) नियमांनुसार लिपो सॅकमध्येच, म्हणजे चार्जिंग बॅगेतच, चार्ज करावी लागते, ती याच कारणाने. शेजारच्याच्या पेट्रोल कॅनवर आणि टायरवर ठिणग्या उडू नयेत, एवढंच तिथे अपेक्षित आहे. सॅक आग विझवत नाही. ती पहिले काही सेकंद ज्योतीला एका बाजूला वळवते, आणि तेवढ्यात माणसं मागे सरतात.

वायरींच्या तोंडाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तो दोष मांडणीचा आहे. तोंड चार्जरकडे ठेवूच नका. मोकळ्या बाजूला करा आणि वायरी वळसा घालून आणा. एका बॅगेत एकच पॅक. दोन पॅक एकत्र ठेवले की पहिल्याच्या उष्णतेने दुसराही जातो, मग ३७ चे ७४ वॉट-तास होतात.

नागपूर४५

एक मुद्दा राहिला. बॅगेत पॅकची उष्णता कोंडते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच ४५ अंश असते, आणि लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण तेवढीच धरतात. त्यात बॅग म्हणजे गोधडी.

मिलीओहम

माझ्याच बाजूचा मुद्दा असला तरी तो कच्चा आहे, म्हणून दुरुस्त करतो. चार्ज होताना पॅकमध्ये निर्माण होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले आंतरिक रोध. चांगल्या २एस पॅकचा वायरींसकट रोध १० मिलीओहम धरा. १सीला (तासाभरात पॅक भरेल इतक्या करंटला), म्हणजे ५ अँपिअरला, पाव वॉट. १० अँपिअरला १ वॉट. बॅगेत याने काही बिघडत नाही. पण जुना, ४० मिलीओहमला पोचलेला पॅक १५ अँपिअरवर लावला तर ९ वॉट होतात, आणि ते बॅगेत नक्की कोंडतात. असा पॅक ३सीने चार्ज करायचाच नसतो. चार्जरवर रोध दिसतो, दर महिन्याला लिहून ठेवा. सुरुवातीच्या दुप्पट झाला की १सीच्या वर जाऊ नका.

उन्हाळ्यातली खरी चूक वेगळी आहे. गाडीतून ५५-६० अंशांचा पॅक काढायचा आणि लगेच चार्जला लावायचा. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. दुपारी ४५ अंश असेल तर पहाटे चार्ज करा.

सोल्डरगन

तुम्ही दोघं आग लागल्यानंतरचं बोलताय. आग लागते कशाने, त्यावर कोणी येतच नाही. माझ्या मते बॅग की विटा हा वादच दुय्यम आहे.

पहिलं: मोड. लिपो चुकून निकेल बॅटरीच्या मोडवर लावली तर चार्जर सेलमागे ४.२० व्होल्टला थांबत नाही. तो निकेल सेल भरल्यावर येणारी व्होल्टेजची किंचित घसरण शोधत राहतो, लिपोत ती येत नाही, आणि पॅक ओव्हरचार्ज होत जातो. दुसरं: बॅलन्स लीड (प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला दाखवणारी बारीक वायर) न लावता सेलची संख्या हाताने टाकणं. २एसला ३एस सांगितलं की चार्जर १२.६ व्होल्टकडे निघाला. बॅलन्स लीड लावलेली असेल तर चांगला चार्जर तिथेच अडतो. तिसरं: ४ मिमी बुलेटचे (सुट्या गोल पिनांनी जोडायचे) पॅक. केबलची केळी-पिनं आधी चार्जरला, मग बुलेट पॅकला, काढताना उलट. क्रम चुकला तर उघडी दोन पिनं एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट तुमच्या हातात होतो. तिथे बॅग काय करणार?

चार्जरमध्ये कपॅसिटी कटऑफ (ठरवलेले एमएएच भरले की चार्ज थांबवणारी मर्यादा) असतो, तो बहुतेक जण बघतही नाहीत. ५००० च्या पॅकला ५५०० वर ठेवा. कुठला सेल आतून गळत असेल आणि करंट संपतच नसेल, तर चार्जर तिथे थांबतो.

बॅशर

सोल्डरगन, सगळं मान्य, पण पडलेल्या पॅकचं काय? गाडी उडून दगडावर आपटली, सॉफ्ट (कडक कवच नसलेल्या) पॅकचा कोपरा दबला, रोध आणि व्होल्टेज दोन्ही ठीक दिसतात. चार्जर अगदी बरोबर लावला तरी असा पॅक आतून शॉर्ट होऊ शकतो. अशा वेळी भोवती काहीतरी हवंच. हार्डकेसमध्ये तर फुगलेला सेल बाहेरून दिसतही नाही. केस सपाट फरशीवर ठेवून बघा: डुगडुगली किंवा सांध्याला फट दिसली, तर चार्जच करू नका.

आणि पत्र्याचा डबा वापरणाऱ्यांसाठी: झाकण घट्ट बसेल असा डबा नको. लष्करी गोळ्यांच्या पेटीला झाकणाखाली रबरी गॅस्केट असतं, ते काढून टाका आणि बाजूला भोकं पाडा. सेल फुटताना निघणारा वायू ज्वलनशील असतो. त्याला वाट नसेल तर पेटीचा बॉम्ब होतो. आतून जिप्सम बोर्ड लावा, नाहीतर पत्रा लाल होऊन टेबल जाळतो.

पिटटेबल

बॅग घेणाऱ्यांनी एक परीक्षा करावी. आतल्या शिवणीजवळची कापडाची चिंधी कापून गॅस लायटरवर धरा. काचतंतू काळा पडतो, आकार सोडत नाही. वितळून थेंब पडला तर ते पॉलिस्टर आहे, त्यावर चंदेरी लेप चढवलेला. घडीवर घडी घातलेली बॅगही नको, दुमडीवर काचतंतू तुटतात. आणि एकदा आग झेललेली बॅग पुन्हा वापरू नका.

मिलीओहम, तुमच्या विटांना माझा विरोध नाही. माझा विरोध 'घेऊच नये' या शब्दांना आहे. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारा, बाल्कनी नसलेला मुलगा विटा-वाळूचा खटाटोप करणार नाही. तुम्ही बॅग सोडायला सांगितलीत तर तो पॅक गादीवर ठेवून चार्ज करेल.

मिलीओहम

ही हरकत मी मानतो. 'घेऊच नये' मागे घेतो. पण त्या मुलाला बॅग देताना सोबत हेही सांगा: बॅग सिरॅमिक फरशीवर, पडदा आणि गादीपासून किमान एक मीटर लांब, खिडकी उघडी, आणि तो स्वतः त्याच खोलीत जागा. बॅग आहे म्हणून पॅक लावून झोपायला गेला, तर बॅगेने त्याचं नुकसानच केलं.

नागपूर४५

पॅकमधून धूर आलाच तर पाणी मारायचं की नाही? लिथियमवर पाणी नको म्हणतात.

सोल्डरगन

चांगल्या स्थितीतल्या लिपोत धातुरूप लिथियम नसल्यात जमा असतो. जलद किंवा फार थंड पॅक चार्ज केल्यास थोडा साचतो, पण पाणी टाळावं इतका नाही. पाणीच हवं, आणि भरपूर हवं, कारण काम थंड करण्याचं आहे. कोरड्या पावडरच्या अग्निशामकाने ज्योत विझते, पॅक आतून तापतच राहतो आणि काही मिनिटांनी पुन्हा पेटतो. आधी भिंतीवरचं चार्जरचं बटण बंद करा. ते धुरातून हात न घालता गाठता यायला हवं, म्हणून चार्जिंगची जागा ठरवतानाच सॉकेट पॅकपासून हातभर बाजूला असलेलं निवडा. बादली चार्ज सुरू करण्याआधी भरून ठेवा. विझलेला पॅक वाळूत किंवा पाण्यात घालून उघड्यावर रात्रभर राहू द्या, घरात परत आणू नका.

बॅशर

यात स्टोरेजचं जोडतो. बॅग जास्त उपयोगी पडते ती चार्जिंगनंतर, कपाटात. पण पॅक सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणूनच ठेवा. अर्ध्या भरलेल्या सेलची आग पूर्ण भरलेल्यापेक्षा बरीच सौम्य असते. शनिवारी भरलेला पॅक पावसामुळे रविवारी वापरला नाही, तर रविवारी रात्रीच स्टोरेज मोडवर लावा.