मदत हवी आहे – इलियम कुठे असतं? शनिवारी परत टेस्ट आहे!!

मनू_लातूरची
पटकन सांगा कुणीतरी. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग ना? वहीत तसंच आहे. टेस्टमध्ये तेच लिहिलं तर भोपळा. मॅडमना विचारायची सोय नाही, "वर्गात लक्ष कुठे होतं" एवढंच ऐकावं लागतं. आणि ही असली शेकड्यांनी नावं पाठ कशी करायची तेही सांगा. रात्री दीडपर्यंत घोकते, सकाळी पाटी कोरी. प्लीज लवकर.

दादरकर_७१
टेस्ट कसली? एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओ की मेडिकल कोडिंगचा क्लास? आधी ते सांगा, मग बोलू.

खिडकीतला_कावळा
इलियम हाड आहे. आई कमरेवर हात ठेवून रागावते ना, तेव्हा तिचा हात जिथे टेकतो ती कड. बाइकवरून पडलो होतो तेव्हा मला तिथेच क्रॅक गेला होता, एक्सरेच्या रिपोर्टात लिहिलंय. आतडंबितडं काही नाही.

जठराग्नी
काहीही काय! ड्युओडिनम, जेजुनम, इलियम. लहान आतड्याचे तीन भाग, या क्रमाने. हाड कुठून आणलंत?

खिडकीतला_कावळा
रिपोर्ट माझा, हाड माझं, दुखलं मला. अजून काय पुरावा देऊ?

शब्दसांदीपनी
मुळात परक्या भाषेतली नावं घोकायला लावतात तिथेच सगळं बिघडतं. आपल्याकडे 'शेषांत्र' असा नेटका शब्द आहे. शेष राहिलेलं आंत्र, ऐकताच अर्थ कळतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश धूळ खात पडलेत, कुणी उघडत नाही.

मनू_लातूरची
काका, पेपर इंग्रजीत असतो हो. जीएनएम फर्स्ट इयर, नर्सिंगचा डिप्लोमा. माझं बारावी आर्ट्स, मराठी मीडियम, बायोलॉजी दहावीनंतर बघितलीच नाही. अजून कुणी नक्की सांगेल का, आतडं की हाड?

दादरकर_७१
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

फ्लॅशकार्ड_फॅन
अँकी टाक मोबाइलमध्ये, प्रश्न-उत्तरांच्या कार्डांचं ॲप आहे. रोज २० कार्डं, बास. मी जपानी याच्यावरच शिकलो.

सिस्टर_आक्का
मनू, प्रश्नपत्रिकेत स्पेलिंग काय होतं ते लिही. आणि मॅडमनी लाल पेन नक्की कशावर मारलाय?

मनू_लातूरची
थांबा, पेपर काढते... आय-एल-आय-यू-एम. उत्तरावर नुसती काट आहे. पण गोल प्रश्नातल्या शब्दावर केलाय, मधल्या 'आय'वर. मला वाटलं चुकून पेन लागला.

सिस्टर_आक्का
चुकून नाही गं, मॅडमनी तिथेच उत्तर दिलंय तुला. हे दोन वेगळे शब्द आहेत. आय-एल-ई-यू-एम म्हणजे आतडं, आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं हाड. उच्चार सारखाच आणि देवनागरीत दोन्ही 'इलियम'. तू वही मराठी अक्षरात लिहितेस ना? म्हणून फसलीस. मीही फर्स्ट इयरला अशीच आपटले होते. मधे 'ई' असेल तर ईटिंग, खाण्याचं, म्हणजे आतडं. नाव मराठीत लिही, पण शेजारी स्पेलिंग हवंच.

खिडकीतला_कावळा
म्हणजे मी बरोबर.

जठराग्नी
मीही बरोबर.

शब्दसांदीपनी
आणि 'शेषांत्र' म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता, हे कुणी मान्य करणार नाही.

सिस्टर_आक्का
काका, राउंडला डॉक्टर "प्लीहा वाढलीय" म्हणत नाहीत, "स्प्लिनोमेगाली" म्हणतात. पोरीला तिथे उभं राहायचंय.
पण काकांची एक गोष्ट घे मनू, शब्द फोडायची. 'पित्ताशय' कसा फोडतेस? पित्त अधिक आशय. तसंच 'कोलेसिस्टेक्टॉमी' फोड. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. पित्ताची पिशवी काढली, संपलं. शेपट्या नीट बघ. कोलेक्टॉमी म्हणजे मोठं आतडं काढलं, कोलोटॉमी म्हणजे नुसतं चिरून उघडलं, कोलोस्टॉमी म्हणजे पोटावर तोंड करून ठेवलं, तिथे पिशवी लावतात. एका अक्षराच्या फरकाने पेशंटचं काय काय होतं बघ. शंभर शब्द घोकण्यापेक्षा वीस-पंचवीस तुकडे पाठ कर.

दादरकर_७१
मणक्यांचं माझ्याकडून घ्या. सकाळी ७ ला पोहे, १२ ला जेवण, ५ ला चहा. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. सर्व्हायकल, थोरॅसिक, लंबर.

निवांत_निमा
सर्व्हायकलवरून आठवलं, सासूबाईंना सर्व्हायकल आहे, चक्कर येते. कोणती उशी घ्यावी?

दादरकर_७१
वहिनी, इथे उशीचा काय संबंध? डॉक्टरांना दाखवा.

सिस्टर_आक्का
निमाताई, चक्कर येते तर आधी दाखवून घ्या, उशीचं नंतर बघू. मनू, हाही शब्द फसवा आहे. सर्व्हिक्स म्हणजे लॅटिनमध्ये मान. गर्भाशयालाही मान असते, म्हणून तिथलंही सर्व्हायकलच. पुढचा शब्द वाचल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

जठराग्नी
मला तर अवयव मटणाच्या दुकानात कळले. कलेजी, गुर्दा, भेजा, तिल्ली. लिव्हर, किडनी, ब्रेन, स्प्लीन. रविवारी सकाळी रांगेत उभं राहा, फी नाही.

निवांत_निमा
श्रावण चालू आहे हो.

खिडकीतला_कावळा
आपली हाडांची नावंच भारी आहेत. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी, आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. कॉक्सिक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोकिळा, हाड तिच्या चोचीसारखं दिसतं म्हणून. आपल्याला तिथे माकड दिसलं. माकडहाड. पडल्यापासून हेच वाचतोय मी.

मनू_लातूरची
वाटी लक्षात राहील. माकडहाड तर राहीलच, आजी त्याच्यावर पडली होती. ताई, अजून एक मार्क गेलाय. आकृतीत लिव्हर डावीकडे दिसतं, मी 'लेफ्ट' लिहिलं. पुस्तकात बघूनच लिहिलेलं!

सिस्टर_आक्का
अगं, आकृतीतला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. उजवं-डावं त्याचं धरायचं, तुझं नाही. इंजेक्शन देताना पेशंटचा उजवा हात धरतेस ना, तसंच. लिव्हर उजवीकडे.

फ्लॅशकार्ड_फॅन
अँकी टाकलं का?

मनू_लातूरची
मोबाइलमध्ये जागा नाही दादा. आक्का, आज इलियम दोनदा लिहिलं, स्पेलिंगसकट. आता वही पहिल्यापासून तपासतेय. पेरोनियल आणि पेरिनियल हे एकच ना? की हेपण दोन आहेत?

सिस्टर_आक्का
दोन आहेत. 'रो'वालं नडगीच्या बाहेरच्या बाजूचं. 'रि'वालं मांड्यांच्या मधलं. पेशंटला ड्रेसिंग करायला जाशील तेव्हा आधी कागद वाच, मग पडदा ओढ.