मदत हवी आहे: आखातातल्या छोट्या इंटरनॅशनल शाळेतून आलेल्या भाच्याला सांगलीत अकरावी सायन्स

विटेकर_मामा
बहिणीचं कुटुंब आखातातून कायमचं परत येतंय. भाचा तिकडे छोट्या इंटरनॅशनल शाळेत होता, ब्रिटिश पद्धतीची, वर्गात जेमतेम दहा-बारा मुलं, सगळी बाहेरून नोकरीला आलेल्यांची. दहावी झाली आहे. अकरावीच्या पोर्टलवर सीट नंबर मागतात, तो आमच्याकडे नाही. इथल्या एका कॉलेजात गेलो तर "समकक्षता आणा" एवढंच सांगितलं. ती कुठून आणायची? लवकर सांगा, फेऱ्या सुरू होतील.

कृष्णाकाठ
समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी बोर्डाची परीक्षा आपल्या दहावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, दिल्लीची ए.आय.यू. म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ देतो, अर्ज ऑनलाइन. पण ते बोर्डाच्या प्रमाणपत्रावर मिळतं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर नाही. केंब्रिज आयजीसीएसई (ब्रिटिश पद्धतीची, आपल्या दहावीच्या तोडीची बोर्ड परीक्षा) असेल तर इंग्रजी धरून किमान पाच विषयांत ए-स्टार ते सी श्रेणी लागते. बोर्ड कोणतं? परीक्षा कोणत्या महिन्यात दिली? मे-जूनची दिली असेल तर निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो, तोवर इथल्या पहिल्या फेऱ्या होऊन जातात.

अजिंक्यतारा
आधी तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का घ्या, त्याशिवाय काही चालत नाही. आणि सांगलीत कशाला धडपडता? पाचगणीला वसतिगृहात घाला. परदेशातून आलेली मुलं तिथे नवी नाहीत.

मिरजजंक्शन
आखातातला देश कोणता ते कळल्याशिवाय दूतावासाचं सांगू नका. अमिराती, कतार, कुवेत असेल तर दूतावास. ओमान २०१२ पासून हेग कराराच्या अपोस्टिलमध्ये आहे, भारत २००५ पासून; अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा, कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. तिथे आधी शिक्षण मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, झालं. दूतावासात रांग लावण्यात आठवडा जाईल.

विटेकर_मामा
ओमान, सोहार. केंब्रिज. परीक्षा शाळेचीच झाली, मे महिन्यात. मार्कशीट आहे, श्रेणी ए आणि बी. वर "इयर १०" लिहिलंय. म्हणजे दहावीच ना? पोर्टलचं सांगा कुणीतरी.

कृष्णाकाठ
इथेच घोळ आहे. इयर १० म्हणजे आपली दहावी नव्हे. इंग्लंडच्या मोजणीत आयजीसीएसईची परीक्षा इयर ११ च्या शेवटी असते. इयर १० म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष, आपली नववी. बोर्डाची परीक्षाच झालेली नाही, म्हणून सीट नंबर नाही आणि समकक्षताही मिळणार नाही. अकरावीचा नाद आज सोडा. मुलाचं वय काय?

विटेकर_मामा
मार्चमध्ये १५ पूर्ण. एवढं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे वर्ष वाया?

कृष्णाकाठ
वाया कसं? वयाने तो नववी झालेल्यांच्याच बरोबर आहे. आता दहावी.

हळदपेठ
थेट स्टेट बोर्डाच्या दहावीत टाकू नका, नववी परत करू दे. इंग्रजी माध्यमातही मराठीचा पेपर आहे. तीन भाषांत मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५ लागतात. शिवाय भूमितीत प्रमेयांच्या सिद्धता पायरी-पायरीने कारणांसह लिहायच्या असतात, आणि हाताला कॅल्क्युलेटरची सवय. आठ-नऊ महिन्यांत हे सगळं?

मिरजजंक्शन
घरी मराठी बोलणाऱ्या पोराला मराठीत २५ जड नाहीत, लिहिण्याचा सराव मात्र रोज हवा. खरी अडचण इतिहास-भूगोलाची, तो अभ्यासक्रम त्याने पाहिलेलाच नाही. तरी पंधरा वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गात बसवणं मला पटत नाही. सीबीएसईत मात्र नववी-दहावी एकत्र धरतात, तिथे थेट दहावी अवघड.

अजिंक्यतारा
मराठी सक्ती २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांना आहे, पळून जाणार कुठे? आणि आधार कार्ड काढून ठेवा. वैध भारतीय पासपोर्ट असला तर परत आल्या-आल्या अर्ज करता येतो, १८२ दिवस थांबायची अट अनिवासी भारतीयांना आता नाही.

विटेकर_मामा
आधार आहे. मुलाला पुढे मेडिकलला जायचंय, त्याचं काय ते सांगा.

कृष्णाकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागते, वर अधिवास प्रमाणपत्र. इयर ११ सोहारमध्ये करून आला असता तर तो दरवाजा बंद झाला असता. म्हणजे आत्ता परत येतोय ते मेडिकलच्या दृष्टीने वेळेवरच. केंब्रिजच ठेवायचं असेल तर महाराष्ट्रातल्या केंब्रिज शाळेत इयर ११ करा. इथल्या शाळांना फेब्रुवारी-मार्चची परीक्षा देता येते, निकाल मेमध्ये, अकरावीला वेळेत. फक्त जुन्या शाळेतले विषय आणि सिलॅबस क्रमांक नव्या शाळेत आहेत का ते आधी जुळवा. गणित "एक्स्टेंडेड" म्हणजे वरच्या पातळीचं आहे ना पाहा, "कोअर" या सोप्या पातळीमध्ये सीच्या वर श्रेणी मिळतच नाही.

विटेकर_मामा
सांगलीतच ठेवायचंय, आजी-आजोबा इथे आहेत. स्टेट बोर्ड, दहावी. कागद कोणते?

मिरजजंक्शन
शाळेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. नुसत्या प्रगतिपुस्तकावर "पास होऊन वरच्या वर्गात गेला" हे वाक्य नसतं आणि इथला क्लार्क नेमकं तेच शोधतो. पत्रात जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय, माध्यम, "इयर १० पूर्ण, इयर ११ साठी पात्र" आणि "इयर १० हे इयत्ता नववीच्या समान" असं स्पष्ट हवं. नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण, वडिलांच्या नावासह. इथे आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम लागतो. एक शब्द चुकला तर दहावीच्या प्रमाणपत्रावर तोच चुकलेला येतो. मग अपोस्टिल. मग जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन थेट दहावीची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर फी भरू नका. आपलं विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे, शाळेला शंका असली तर तिथे विचारू दे.

हळदपेठ
छोट्या शाळांचं ऑफिस उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलूपबंद असतं, सही करणारे मुख्याध्यापकच मायदेशी जातात. त्यात ओमानला शुक्रवार-शनिवार सुट्टी. दोन मूळ प्रती घ्या, दोन्हींवर ओली सही.

विटेकर_मामा
शाळा या गुरुवारी बंद होतेय. बहिणीला आत्ताच फोन केला, उद्या सकाळी जाते म्हणाली. पत्र इंग्रजीत चालेल की अरबीही लागेल?

मिरजजंक्शन
इथे इंग्रजी चालतं. तिकडच्या मंत्रालयाला अरबी लागतं का ते उद्या शाळेतच विचारायला सांगा. लागत असेल तर एकाच कागदावर दोन्ही भाषा घ्या.