सल्ला हवा: ओटा पुसायची सुती फडकी विणायची आहेत. दोरा कुठला, नमुने कुठले?

पानगळ
नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात असते. इथल्या वाचनालयात बायका विणायला जमतात, आणि त्यातल्या निम्म्या जणींच्या सुयांवर कायम भांडी-ओटा पुसायचं सुती फडकं असतं. मी स्वेटर, टोपडी, मोजे भरपूर विणलेत, पण सगळे लोकरीत. सुती दोऱ्याला हात लावलेला नाही. नणंद सुट्टीला आली आहे, ती परत पुण्याला जाईल तेव्हा तिच्याबरोबर घरच्यांसाठी एक संच पाठवायचा विचार आहे, प्रत्येक फडक्याचा नमुना वेगळा. दोरा कुठला घ्यावा, आणि आपल्या स्वयंपाकघरात खरोखर वापरले जातील असे नमुने कुठले? नुसते शोभेचे नकोत. क्रोशा कृपया सुचवू नका, अंगठा दुखतो.

खवचट खार
जुन्या बनियनची फडकी संपली का घरातली? आमच्याकडे ओट्याला पंचाचा तुकडा, आणि तो पार विटला की त्याचं मसोतं. पंधरा रुपयांचं काम दोन रात्री बसून करायचं म्हणजे हौसेला मोल नाही हेच खरं. असो, वाचते आहे.

सुईदोरा
खारूताईंकडे दुर्लक्ष करा, त्यांनाच पहिलं फडकं पाठवा.

पानगळ, नमुन्याच्या आधी दोरा ठरवा. फडकं चांगलं की वाईट हे ऐंशी टक्के दोऱ्यावरच ठरतं. शंभर टक्के सुती हवा, आणि शक्यतो मर्सराइज न केलेला, म्हणजे चमक यावी म्हणून रासायनिक प्रक्रिया न केलेला. मर्सराइज केलेल्या दोऱ्याला छान चमक असते, रंगही खुलतो, पण तो गुळगुळीत असतो आणि पाणी पुसण्याऐवजी ओट्यावर पसरवतो. टेबलावरच्या रुमालाला तो घ्या, फडक्याला नको. अॅक्रिलिकचा तर विचारही नको. ते पाणी पीत नाही, आणि गरम पातेलं धरायला कुणी तेच फडकं उचललं तर वितळून हाताला चिकटेल.

तुम्ही अमेरिकेत आहात म्हणजे काम सोपं आहे. लिली शुगर अँड क्रीम हा दोरा तिथे कुठल्याही हस्तकलेच्या दुकानात मिळतो. एकरंगी गुंडा ७१ ग्रॅमचा, साधारण १०९ मीटर. एका गुंड्यात एक मोठं फडकं होऊन वर दोरा उरतो. छटा बदलत जाणारे रंगीत गुंडे वजनाला कमी असतात, किंमत तीच दिसली तरी लेबल वाचा.

आणि एक, लोकरीची सवय असलेल्यांना सुती दोरा आधी नकोसा होतो. तो लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे मनगट भरून येतं. टाके सैल ठेवा, एका बैठकीत फार विणू नका.

पानगळ
वा, धन्यवाद सुईदोरा. सुया किती नंबरच्या? तिथल्या बायका आठ नंबर म्हणतात. माझ्याकडे आईने दिलेल्या आठ नंबरच्या सुया आहेत, पण त्या मला बारीक वाटतात.

चारसुया
बारीक वाटतात कारण आहेतच बारीक! आईच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबराच्या असणार, भारतात अजून तेच चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर बरोबर उलटे. आपला ८ नंबर म्हणजे ४ मिमी, त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिमी. त्यांच्या ८ ला आपला ६ नंबर लागतो. कुठलाही नमुना वाचताना मिमी बघा, नंबर विसरा.

या जाड सुती दोऱ्याला मी ४.५ मिमी घेते (आपला ७ नंबर). ५ मिमीवर वीण थोडी भोकाभोकाची येते, फडकं लवकर ओघळतं.

आता नमुने. पहिला अर्थातच कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारा, तिकडे ज्याला आजीचा आवडता म्हणतात तो. ४ टाके घाला, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळ अशी: २ सुलट, दोरा पुढे घेऊन एक टाका वाढवा, उरलेले सगळे सुलट. ४४ टाके झाले की उतरायला लागा: १ सुलट, २ एकत्र, दोरा पुढे, २ एकत्र, उरलेले सुलट. शेवटी ४ टाके उरले की बंद करा. काठाला आपोआप बारीक जाळी येते, उलट टाका एकही नाही. टीव्ही बघत विणता येतं. दोरा पुरेल की नाही ही धास्ती असेल तर गुंडा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि निम्मं वजन व्हायच्या जरा आधी उतरायला लागा.

दुसरा साबुदाण्याचा. विषम टाके घाला, समजा ३९. प्रत्येक ओळ १ सुलट १ उलट, शेवट सुलटने. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं आणि दाणे वर आल्यामुळे वाळलेलं पीठ, कुकरच्या झाकणावरचा डाळीचा फेस छान निघतो. माझ्या मते सगळ्यात कामाचा नमुना हाच. दिसायला साधा आहे म्हणून लोक सोडून देतात.

गोधडी
चारसुयांना +१, साबुदाण्याला तर +१००.

मी चटईची वीण सुचवेन. ४३ टाके. सुरुवातीला ४ ओळी सगळ्या सुलट, आणि पुढेही दोन्ही कडांचे ४-४ टाके कायम सुलट. मधल्या ३५ मध्ये ५ सुलट, ५ उलट असे चौकोन, सुरुवात आणि शेवट सुलट चौकोनाने. परतीच्या ओळीत मधले टाके जसे दिसतील तसे विणा. ६ ओळी झाल्या की चौकोनांची अदलाबदल. संपवताना परत ४ ओळी सुलट. ती सुलट किनार गाळू नका बरं का. नुसती एक ओळ सुलट, एक उलट विणली तर फडकं सुरळीसारखं गुंडाळतं आणि इस्त्रीनेही सरळ राहत नाही.

दोन रंग वापरायचे असतील तर विटांचा नमुना बघा. एका रंगाच्या ओळी साध्या, दुसऱ्या रंगाच्या ओळीत दर सहावा टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. उचललेला टाका ताणला जातो आणि मध्ये फुगीर विटा तयार होतात. एका ओळीत एकच दोरा हातात असतो, त्यामुळे दोरे गुंतत नाहीत. जाडजूड होतं, घासायला मस्त, पण वाळायला वेळ लागतो. पुण्यात पावसाळ्यात कुबट वास येईल, म्हणून संचात असं एकच ठेवा.

आणि बदाम, पान, मांजर, अक्षरं असे उठावाचे नमुने असतात ना, सुलट जमिनीवर उलट टाक्यांनी काढलेले, ते फिक्या एकरंगी दोऱ्यातच करा. छटा बदलणाऱ्या दोऱ्यात मांजर कुठे गेलं ते विणणारीलाच सापडत नाही.

उत्तरवारा
डेन्मार्कहून. इथेही विणलेली फडकी घरोघरी, पण दोरा बारीक. ८/४ म्हणतात त्याला, ५० ग्रॅममध्ये साधारण १७० मीटर. सुया ३ मिमी, टाके साठाच्या आसपास. वेळ जास्त लागतो, पण फडकं पातळ होतं, घट्ट पिळता येतं आणि लवकर वाळतं. मला अमेरिकन जाड फडक्यापेक्षा हेच आवडतं. आपल्याला फडकं करकचून पिळायची सवय आहे, जाड फडकं पिळलं जात नाही.

सुताडा
इचलकरंजीतून लिहितोय. बायकांच्या धाग्यावर घुसलो, माफ करा, पण आमच्या घरी सूत पिढीजात आहे.

भारतातून कुणी हे करणार असेल तर विणकामाच्या दुकानातला सुती दोरा बहुधा मर्सराइज केलेला आणि बारीक असतो. त्यापेक्षा मागावरचं कोनचं (शंकूवर गुंडाळलेलं) सूत घ्या, वजनावर मिळतं, आणि सात-आठ पदर एकत्र धरून विणा. पण सूत कोरं असेल, म्हणजे ब्लीच न केलेलं पिवळसर, तर त्याच्यावर कापसाचं नैसर्गिक मेण असतं आणि ते पाणी घेत नाही. नवा पंचा पहिले काही दिवस पाणी नुसतं ढकलतो, तसंच. विणून झाल्यावर धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळा. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. थोडं आटेल, म्हणून चार टाके जास्तच घाला.

चारसुया
सुताडादादा, धागा सगळ्यांचा आहे, माफी कसली. पदर एकत्र विणताना एखादा सुईवरून निसटतो, त्याला काय करायचं?

सुताडा
आधी चरखीवर किंवा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत हलका पीळ देऊन घ्यायचे. आणि सुई बोथट टोकाची घ्या, टोकदार सुई पदर फाडते.

पानगळ
किती छान माहिती! एक शंका राहिली. पुण्यात जाणार म्हणजे हळद आलीच. पांढरी विणू की नको?

गोधडी
खुशाल पांढरी विणा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, आणि नवीन माणूस घाबरून फडकं फेकून देतं. तो हळदीचा गुणच आहे, क्षाराने लाल होते. नीट खळबळून ओलंच कडक उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. गडद लाल-निळे मात्र टाळा. जाड सुती दोऱ्याचे गडद रंग पहिल्या काही धुण्यांत जातात, आणि व्हिनेगरने रंग पक्का होतो हे सुती दोऱ्याला लागू नाही.

पानगळ
ठरलं मग. ओटा पुसायला साबुदाणा आणि चटई, घासायला विटा एक, आणि कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारी दोन. सगळी पांढरी, नाहीतर फिकी पिवळी. उत्तरवारा, ८/४ इथे मागवता येतो का बघते, सासूबाईंना पातळ फडकंच लागतं. मांजर राहू दे.

खवचट खार
मला मांजरवालं चालेल. फिक्या रंगात. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.